चकाकी आणि शिल्लक

नव्या मोटारगाडीचे स्वागत आपल्याकडे घरात आलेल्या नव्या माणसासारखे होते. पेढे वाटले जातात, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते. पहिले काही महिने गाडीच्या अंगात आपला चेहरा स्वच्छ दिसतो. मग वर्षे सरतात, कर्जाचे हप्ते संपतात आणि एखाद्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहताना लक्षात येते, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे उमटली आहेत. सावलीत ती दिसत नाहीत. ऊन पडले की सारा रंग निस्तेज आणि धुरकट वाटू लागतो.

गंमत अशी, की ही वर्तुळे वस्तुतः वर्तुळे नसतातच. रंगाच्या पृष्ठभागावर सर्व दिशांना अतिसूक्ष्म ओरखडे पडलेले असतात. त्यांपैकी जे प्रकाशाच्या वाटेला आडवे येतात तेवढेच चमकतात आणि त्यामुळे ते प्रकाशबिंदूभोवती गोलाकार मांडल्याचा भास होतो. आपण मान हलविली, की वर्तुळही सरकते. वर्षानुवर्षे घासलेले स्टीलचे ताट दिव्याखाली धरले असता हाच देखावा दिसतो. ताटाला आपण हसून सोडून देतो. गाडीच्या बाबतीत मात्र मन हळहळते.

हे ओरखडे यंत्राने घालविता येतात. नवशिक्यालाही ते काम जमण्यासारखे आहे. मात्र यंत्र हाती घेण्यापूर्वी आपण नेमके काय खर्च करणार आहोत, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

कागदाएवढी जाडी

आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांचा रंग हा एकच थर नसून अनेक थरांचा समुच्चय असतो. कारखान्यात पोलादी सांगाड्यावर प्रथम रासायनिक प्रक्रिया होते. नंतर तो सांगाडा द्रावणाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर चढविला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसणारा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या कार्यालयातील साध्या छपाईच्या कागदाची जाडी १०० मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणजे ऊन, पाऊस आणि धूळ यांच्यापासून गाडीचे रक्षण करणारे सारे कवच कागदाच्या एक-दीड पानाएवढेच असते. त्यातही क्लिअर कोटचा वाटा सर्वसाधारणपणे ३५ ते ५० मायक्रॉनचा. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात.

पूर्वी असे नव्हते. मोटारींच्या आरंभकाळात रंग आणि व्हार्निश कुंचल्याने लावले जाई व ते वाळण्यास कित्येक दिवस लागत. फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही गाडी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्याच रंगात मिळत असे. ड्यू पाँट कंपनीने १९२३मध्ये ड्यूको हा झटपट वाळणारा रंग बाजारात आणला आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो सर्वप्रथम झळकला. वेगवेगळे रंग सर्वसामान्यांच्या गाडीला लाभू लागले ते त्यानंतर. ते रंग वरून उघडे असत. पॉलिश केले, की फडक्याला रंग लागे. त्यावर पारदर्शक थर देण्याची पद्धत १९८०च्या दशकात सर्वत्र रूढ झाली. आजही एखाद्या गाडीला पॉलिश करताना पॅडवर गाडीचाच रंग उतरला, तर तिला क्लिअर कोट नाही किंवा तो झिजून गेला आहे, असे समजावे व तेथेच थांबावे.

पॉलिश ‘चढवितात’ असा आपला शब्दप्रयोग आहे आणि तोच गैरसमजाचे मूळ आहे. पॉलिशने गाडीवर काहीही चढत नाही. पॉलिशमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते ओरखड्याच्या तळापर्यंत नव्हे, तरी त्याच्या कडा बोथट होईपर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून काढतात. पृष्ठभाग सपाट झाला, की प्रकाश विखुरत नाही आणि रंग पुन्हा खोल व तेजस्वी दिसू लागतो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर हे असे खाते आहे, ज्यातून रक्कम काढता येते. भरणा करण्याची सोय नाही. चकाकी ही त्या शिलकीतूनच विकत घ्यावी लागते.

ओरखडे कोणाचे?

माझ्या वडिलांची गडद निळ्या रंगाची छोटी गाडी २०१२मध्ये घेतलेली. आमचे बिऱ्हाड दोन पिढ्यांपासून इंदूरचे. बाबा शाळेत गणित शिकवीत. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून त्यांनी ही गाडी घेतली. मी तेव्हा बँकेत नुकतीच रुजू झाले होते. मोठ्या उत्साहाने वाहनकर्जाचे माहितीपत्रक त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, घडी घालून परत दिले आणि गाडी रोखीने घेतली.

तेव्हापासून एक दिवसही न चुकता सकाळी सात वाजता बाबा जुन्या धोतराचे मऊ फडके घेऊन गाडी पुसत आले आहेत. आधी टप, मग काचा, मग बॉनेट, शेवटी दारे. माळव्यातला उन्हाळा धुळीचा असतो. रात्रभरात गाडीवर पातळ थर साचतो आणि बाबा तो कोरड्या फडक्याने झटकून, पुसून काढतात. धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. फडके कितीही मऊ असले, तरी त्याखाली सापडलेला कण रंगावरून ओढला जातोच. अकरा वर्षांत अशा किती सकाळी झाल्या असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. गाडीवरचा जवळजवळ प्रत्येक बारीक ओरखडा हा हलगर्जीपणाने नव्हे, तर मायेने पडलेला होता.

२०२३मध्ये एका कारागिराने गाडी पाहून संपूर्ण रंगकाम करून घेण्याचा सल्ला दिला. बाबांनी नकार दिला. “मूळ रंग एकदाच मिळतो,” एवढेच ते म्हणाले. व्यवहाराच्या दृष्टीनेही त्यांचे म्हणणे योग्यच होते. शाखेत जुन्या वाहनांवरील कर्जप्रस्ताव हाताळताना मूल्यांकनकार दारा-बॉनेटवर रंगाची जाडी मोजणारे छोटे उपकरण टेकवितात, हे मी अनेकदा पाहिले आहे. एखाद्याच भागावर जाडी २०० मायक्रॉनच्या पलीकडे गेली, तर तेथे पुन्हा रंग दिला गेला असावा, असा निष्कर्ष काढतात आणि मग अपघाताची चौकशी सुरू होते. मूळ रंग टिकून असणे ही गाडीच्या चारित्र्याचीच साक्ष असते.

त्या वर्षी दसऱ्याच्या पूजेआधी ओरखडे काढून देण्याचे मी ठरविले. दोन दिवसांची रजा टाकली. ओरखडे कशाने पडले, हे बाबांनी विचारले नाही. मीही बोलले नाही. परंतु हा प्रश्न कधीतरी येणार, याची जाणीव मनात होती. ते समजल्यावाचून काम पूर्ण होणार नव्हते, कारण दोन दिवसांच्या कष्टांवर सकाळी सातच्या फडक्याने काही आठवड्यांत पाणी फिरविले असते.

यंत्राची निवड

पॉलिश करण्याची यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. रोटरी यंत्राचे पॅड एकाच आसाभोवती फिरते. त्याचा मारा जबर, काम झटपट. पण ते क्षणभर एका जागी रेंगाळले तरी उष्णता वाढून क्लिअर कोट जळू शकतो. ते सरावलेल्या हातांसाठी. दुसरे ड्युअल अॅक्शन यंत्र. त्याचे पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी छोट्या कक्षेत डोलतही असते. त्यामुळे घर्षण विखुरले जाते व उष्णता कमी निर्माण होते. त्याचा मोठा गुण म्हणजे वाजवीपेक्षा जास्त दाब दिला किंवा पॅड तिरपे धरले, तर त्याचे फिरणे थांबते, केवळ थरथर उरते. शिकाऊ माणसाला आवरणारे यंत्र असे त्याचे वर्णन करता येईल. मी हेच घेतले. पॅड ज्या चकतीवर बसते तिच्या कडेला काळ्या शाईने एक रेघ ओढून ठेवली, म्हणजे पॅड फिरते आहे की नुसते थरथरते आहे, हे चटकन कळते.

पॅड तीन प्रकारची असतात : लोकरीची, मायक्रोफायबरची आणि फोमची. नवशिक्याने फोमचीच घ्यावीत. त्यांच्या रंगांवरून कठीणपणा ओळखण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक उत्पादकाचा रंगसंकेत निराळा असतो. कंपाउंड म्हणजे जास्त घासणारे व पॉलिश म्हणजे बारीक काम करणारे, एवढा भेद ध्यानात ठेवला तरी आरंभाला पुरेसा आहे.

यंत्र सुरू होण्यापूर्वी

या कामाचा मोठा भाग यंत्राचे बटण दाबण्यापूर्वीच होतो. पहिली पायरी धुण्याची. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. मऊ हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा, म्हणजे निघालेली धूळ पुन्हा गाडीवर जात नाही. दुसरी पायरी क्ले बारची. मूळ जपानमध्ये विकसित झालेली ही चिकणमातीसारखी वडी ओल्या पृष्ठभागावरून हलक्या हाताने फिरविली, की धुऊनही न निघालेले डांबराचे ठिपके, झाडांचा चीक, लोहकण तिला चिकटून येतात. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून रंगावरून बोटे फिरवावीत. क्ले बारआधीची खरखर आणि नंतरचा गुळगुळीतपणा यांतील फरक स्पष्ट कळतो. वडी जमिनीवर पडली, तर ती फेकून द्यावी.

नंतर रबरी पट्ट्या, काळे प्लॅस्टिक आणि दारा-बॉनेटच्या धारदार कडा यांवर मास्किंग टेप लावली. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि यंत्राचा दाब नेमका तेथेच एकवटतो. बंपर प्लॅस्टिकचे असतात. प्लॅस्टिक उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे ते लवकर तापते. तेथे वेग कमी ठेवावा लागतो.

एका परिचित मूल्यांकनकाराकडून जाडी मोजण्याचे उपकरण एक दिवस मागून आणले होते. टप, बॉनेट, चारही दारे आणि डिकी येथील आकडे १०५ ते १२५ मायक्रॉनच्या दरम्यान आले. बाबांनी ते वहीत कोष्टक करून लिहिले आणि सरासरीही काढली. रंग मूळचा आणि सर्वत्र सारखा होता. मात्र हे उपकरण सर्व थरांची एकत्रित जाडी सांगते. त्यात क्लिअर कोट नेमका किती उरला आहे, हे सांगत नाही. शिल्लक नक्की ठाऊक नसेल, तेव्हा खर्च हात राखूनच करायचा असतो.

दोन फुटांचा चौकोन

पोर्चच्या सावलीत, बॉनेट हाताला थंड लागते आहे याची खात्री करून, टेपने दोन फूट बाय दोन फुटांचा एक चौकोन आखला. या चाचणीच्या चौकोनाचा नियम एकच : सर्वांत सौम्य उपायाने आरंभ करावा. मऊ पॅड, बारीक पॉलिश. त्याने भागले नाही, तर मगच एक पायरी वर जावे. औषधाची मात्राही वैद्य अशीच ठरवितो.

पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घेतले. यंत्र बंद असतानाच पॅड रंगावर टेकवून द्रव सगळीकडे लावले, म्हणजे सुरू करताच शिंतोडे उडत नाहीत. आधी मंद गतीने पसरविले, मग गती वाढवून काम सुरू केले. आडवे पट्टे, नंतर उभे पट्टे. प्रत्येक नवा पट्टा आधीच्या पट्ट्याचा अर्धा भाग झाकणारा. यंत्राचा आवाज घाई करावयास लावतो, पण हात मात्र सेकंदाला जेमतेम एक इंच सरकला पाहिजे. दाब फारसा नको. यंत्राचे स्वतःचे वजन आणि त्यावर हाताचा आधार पुरे. चार फेऱ्यांनंतर यंत्र बंद केले, पॅड पूर्ण थांबू दिले, मगच उचलले.

पुसल्यावर तो चौकोन झळाळला. पण त्या झळाळीवर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. पॉलिशमधील तेले बारीक ओरखड्यांत बसून ते तात्पुरते झाकतात. म्हणून पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून घेतला आणि टॉर्चचा झोत तिरपा टाकला. चौकोनाबाहेर वर्तुळांचे जाळे पूर्वीसारखेच होते. आत अगदी मोजके, जरा खोल ओरखडे तेवढे उरले होते. त्यांच्यासाठी कंपाउंड वापरण्याची गरज नव्हती. तीच जोडी पुढे संपूर्ण गाडीसाठी कायम केली. हाताला लय सापडायला दोन दारे जावी लागली. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करायचे, कारण पॅडमध्ये साचलेला रंगाचा चुरा नवे ओरखडे पाडतो. पहिल्या दिवशी बॉनेट, टप आणि डावी बाजू झाली. दुसऱ्या दिवशी उरलेली गाडी.

सोडून दिलेली रेघ

मागच्या डाव्या दारावर वीतभर लांबीची एक रेघ होती. २०१४मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, आईने या गाडीवर ड्रायव्हिंग शिकले. त्या वेळी फाटकाची कडी घासून ती उमटली होती. अशा रेघेची परीक्षा सोपी आहे. तिच्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले, तर ओरखडा खोल आहे; तो पूर्णपणे काढण्यासाठी आजूबाजूचा इतका क्लिअर कोट घासावा लागेल, की खालचा रंग उघडा पडण्याचा धोका निर्माण होईल. नख अडकले. चार फेऱ्यांनी रेघेच्या कडा सौम्य झाल्या; रेघ तशीच राहिली.

आणखी एक फेरी, थोडा जास्त दाब, थोडे कडक पॅड, असा मोह नेमका अशा ठिकाणी होतो. नव्याण्णव टक्के स्वच्छ झालेल्या दारावरची एकच रेघ आधीच्या हजार ओरखड्यांपेक्षा अधिक खुपते. नवशिक्याची खरी कसोटी यंत्र चालविण्यात नसून ते बंद करण्यात आहे. आईने मात्र प्रश्नच मिटविला. “ती रेघ माझी आहे, राहू दे,” ती म्हणाली.

शेवटी वॅक्स. पॉलिशने झळाळी येते, संरक्षण मिळत नाही. कार्नाबा हे वॅक्स ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. त्याचा पातळ हात दिला, म्हणजे पाणी थांबत नाही आणि धूळ घट्ट बसत नाही. आमच्याकडे बोअरचे जड पाणी. ते गाडीवर वाळले, की क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात आणि उन्हात ते रंगात रुततात. त्यामुळे धुतल्यावर गाडी लगेच टिपून कोरडी करणे हेही वॅक्सइतकेच महत्त्वाचे.

सकाळी सातचे फडके

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी स्वतः टॉर्च घेऊन गाडीभोवती फेरी मारली. निळा रंग इतका गडद होता, हे आम्ही सारेच विसरलो होतो. त्यांनी जाडीचे कोष्टक उघडले आणि विचारले, “किती गेला?”

“एखाद-दुसरा मायक्रॉन गेला असेल.”

“म्हणजे असे आणखी काही वेळा करता येईल.”

“करता येईल बाबा, पण करावे लागू नये.”

त्यांनी मान डोलावली. थोड्या वेळाने तो प्रश्न आलाच. “मग हे ओरखडे पडतात तरी कशाने?”

“कोरड्या धुळीवरून फडके फिरले की पडतात.”

बाबा काही बोलले नाहीत. पोर्चच्या खुंटीवर धोतराचे फडके नेहमीसारखेच टांगलेले होते. त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिले. मग विचारले, “आणि पुसायचेच असेल तर?” गणिताच्या शिक्षकाने उत्तर चुकले म्हणून वही मिटविली नाही, योग्य रीत विचारली. मी त्यांना स्प्रेची बाटली, दोन बादल्या आणि मायक्रोफायबरची जाड कापडे दाखविली. आधी पाण्याने धूळ सैल करायची, नंतर कापडाची घडी उलटत उलटत एकाच दिशेने हलकेच टिपायचे आणि धूळ फार असेल त्या दिवशी गाडीला हातही लावायचा नाही.

आता आठवड्यातून दोनदा ते या पद्धतीने गाडी स्वच्छ करतात. उरलेल्या सकाळी सात वाजता धोतराचे फडके फाटकाच्या गजांवरून फिरते. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली, तेव्हा बॉनेटमध्ये प्रत्येक फुलाचे प्रतिबिंब वेगळे दिसत होते.

ज्या वाचकांना हा प्रयोग करावासा वाटेल त्यांनी आधी आपल्या गाडीचा रंग मूळचा आहे की पुन्हा दिलेला, हे पाहून घ्यावे. ड्युअल अॅक्शन यंत्र, मऊ पॅड आणि बारीक पॉलिश यांपासूनच आरंभ करावा. उन्हात किंवा तापलेल्या पत्र्यावर काम करू नये. डोळ्यांना चष्मा लावावा, यंत्राची वायर खांद्यावरून मागे सोडावी आणि पॅड बदलताना प्लग काढून ठेवावा. कडा सांभाळाव्यात, नखात अडकणारी रेघ सोडून द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्र हाती घेण्यापूर्वी गाडी पुसण्याची रोजची पद्धत सुधारावी. शिलकीतून रक्कम काढण्याची वेळ वारंवार येऊ नये, यासाठी खर्चाची सवय बदलणे हाच खात्रीचा उपाय, हे आपणा बँकेतील माणसांना आणि आपल्या ग्राहकांना वेगळे सांगायला नकोच.